ॲपचा जोडधंदा

कोडिंग न शिकता मोबाइल ॲप बनवता येतं का, आणि त्यातून पगाराला जोड मिळेल एवढे पैसे निघतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यूट्यूबवरच्या कोर्सच्या जाहिराती ते एका दमात विचारतात आणि एका दमात 'हो' म्हणून मोकळ्या होतात. पहिल्याचं उत्तर खरोखरच 'हो' आहे. आज ते काम जितकं सोपं आहे तितकं कधीच नव्हतं. दुसरा प्रश्न मात्र 'पैसे कोणाकडून?' इथे येऊन अडतो. जाहिरातदाराकडून, ॲप वापरणाऱ्याकडून, की त्या ॲपमुळे ज्याची रोजची कटकट गेली त्या दुकानदाराकडून? माझं मत आधीच सांगून टाकतो: नवख्याने तिसऱ्याचं दार आधी वाजवावं. पण बहुतेकांची सुरुवात पहिल्यापासून होते, म्हणून आपणही त्याच वाटेने जाऊ.

आधी साधनांचं. 2010 साली गूगलने 'ॲप इन्व्हेंटर' आणलं, पुढच्याच वर्षाअखेर त्यातून अंग काढून घेतलं, आणि 2012 मध्ये ते अमेरिकेतल्या एमआयटीने चालवायला घेतलं. आजही ते फुकट आहे. एका पानावर फोनचं चित्र असतं, त्यावर बटण, फोटो, मजकुराची चौकट ओढून ठेवायची. दुसऱ्या पानावर रंगीत ठोकळे. 'बटण दाबलं की' हा पिवळसर ठोकळा, त्याच्या पोटात 'आवाज वाजव' हा जांभळा. एक ठोकळा दुसऱ्यात बसतच नसेल तर ती सूचना मुळात जमणारी नाही, एवढं न वाचताच कळतं. आठवीतली मुलगी एका दुपारी यात पाढे म्हणून दाखवणारं ॲप करू शकते. 'कोडुलर', 'थंकेबल' यांनी हीच वाट रुंद केली. 'फ्लटरफ्लो' दिसायला जास्त देखणं, पण तिथे माहिती कुठून येते, कुठे साठते, स्क्रीन बदलल्यावर काय लक्षात ठेवायचं, हे सगळं तुम्हालाच ठरवावं लागतं. कोड लिहावा लागत नाही, विचार मात्र प्रोग्रामरसारखाच करावा लागतो. 'ॲपशीट' आणि 'ग्लाइड' यांची तऱ्हा वेगळी. तिथे सुरुवात स्प्रेडशीटपासून होते, आणि ज्याला एक्सेल येतं त्याने अर्धं मैदान मारलेलं असतं. ॲपशीट गूगलने जानेवारी 2020 मध्ये विकत घेतलं.

आणि आता एआय. फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रे कार्पथी या संगणकतज्ज्ञाने, कोडकडे न बघता नुसतं बोलून प्रोग्राम करून घेण्याच्या आपल्या सवयीला 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं आणि वर्षभरात ते जगभर झालं. मराठीत सांगितलं तरी हे यंत्र ॲप लिहून देतं, ही बढाई नाही. पण ते नेमकं तेवढंच देतं जेवढं तुम्ही सांगितलंत. 'हिशोबाचं ॲप करून दे' म्हटलं की हिशोबाचं ॲप येतं. गिऱ्हाइकाने अर्धे पैसे रोख आणि अर्धे यूपीआयने दिले तर काय, हे तुम्ही विचारलं नसेल तर त्यालाही सुचेलच असं नाही.

नेमकं काय हवं हे ठाऊक असण्याचं 2017 सालचं एक उदाहरण मला फार आवडतं. जपानमधल्या मासाको वाकामिया या निवृत्त बँक कर्मचारी आजींनी वयाच्या 81 व्या वर्षी 'हिनादान' हा खेळ आयफोनसाठी बनवला. सणाला मांडायच्या बाहुल्या योग्य पायरीवर ठेवायच्या, एवढाच खेळ. त्या कोडिंग शिकल्या, म्हणजे आपल्या विषयाच्या अगदी चौकटीतल्या नव्हेत. पण त्यांची जमेची बाजू कोडिंग नव्हतीच. म्हाताऱ्या बोटांना स्क्रीनवर सरकवणं जमत नाही, टिचकी मारणं जमतं, हे त्यांना ठाऊक होतं. खेळात सरकवायचं काही ठेवलंच नाही. हे ज्ञान कुठल्याच साधनात मिळत नाही.

बनलेलं ॲप लोकांपर्यंत न्यायचं तर दार प्ले स्टोअरचं. ॲपलचं दार नवख्याने सध्या बाजूला ठेवावं. तिथे दरवर्षी 99 डॉलर पडतात आणि आपल्याकडे बहुतेक हातांत अँड्रॉइडच असतो. गूगलचे एकदाच 25 डॉलर. ते भरले, आधार-पॅन दाखवलं, की ॲप दुकानात लागलं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी एक परीक्षा द्यावी लागते. तुमचं ॲप बंद दाराआड निदान 12 जणांनी सलग 14 दिवस चाचणीसाठी घेतलेलं पाहिजे. सुरुवातीला ही अट 20 जणांची होती, डिसेंबर 2024 मध्ये ती उतरवली.

12 माणसं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. करून बघा. फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली की पहिल्या तासात अंगठे येतात पंचवीस. त्यातले ज्या जीमेलने प्ले स्टोअर चालतं तोच पत्ता कळवणारे दहा. एका काकांना आपला जीमेल कोणता हेच माहीत नसतं, फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेला असतो. एक भाचा आयफोनवाला निघतो. लिंक उघडून 'टेस्टर व्हा' हे बटण दाबायला विसरणारे दोन-तीन, आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून चौथ्या दिवशी ॲप उडवणारी एक वहिनी. एखाद्याने मधेच चाचणीतून नाव काढलं आणि आकडा 12 च्या खाली गेला, की सलगपणा मोडतो. याची गरज एवढी की पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांचा धंदा उभा राहिला आहे. मला विचाराल तर ही चाळणी वाईट नाही. ज्याला स्वतःच्या ओळखीतले बारा जण चौदा दिवस ॲप ठेवायला तयार होत नाहीत, त्याने अनोळखी बारा हजारांची आशा का धरावी?

आणखी एक गोष्ट कोर्सवाले सांगत नाहीत. प्ले स्टोअरवर ॲपमधून पैसे कमवायचे ठरवलं की तुमचा पूर्ण पत्ता तिथे जाहीर दिसतो. घरून जोडधंदा करणाऱ्या बाईने हे आधी माहीत करून घेतलेलं बरं. आणि ॲप एकदा टाकलं की सुटलो, असंही नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ठरावीक मुदतीत ॲप त्या मापाला आणावं लागतं, नाहीतर नव्या फोनवाल्यांना ते दुकानात दिसेनासं होतं. शिवाय 2024 च्या उन्हाळ्यानंतर गूगलने पोकळ ॲप्सवर झाडू फिरवला. नुसता एखादा पीडीएफ दाखवणारं, एकच वॉलपेपर देणारं, उघडल्यावर काहीच न करणारं, असलं सगळं बाहेर. ॲपफिगर्स या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या हिशोबाने 2024 च्या सुरुवातीला प्ले स्टोअरवर सुमारे 34 लाख ॲप्स होती, एप्रिल 2025 पर्यंत ती 18 लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांपूर्वीचं तंत्र असं होतं की एक तयार साचा विकत घ्यायचा, रंग आणि नाव बदलून त्याचीच पन्नास ॲप्स चढवायची. ते आता मोडीत निघालं आहे. जुने व्हिडिओ मात्र अजून तेच शिकवतात.

आता जाहिरातीचा पैसा. ॲपच्या तळाला जी पट्टी दिसते ती बहुधा गूगलच्या 'ॲडमॉब'ची. जाहिरात किती वेळा दिसली, किती दाबली गेली, यावर पैसे मिळतात, आणि भारतातल्या प्रेक्षकाचा भाव अमेरिकेतल्या प्रेक्षकापेक्षा बराच कमी. भाव रोज हलतो, म्हणून समजण्यापुरता एक आकडा धरू: हजार वेळा पट्टी दिसली की 20 सेंट. तुमचं ॲप रोज 500 माणसं उघडतात आणि प्रत्येकाला चार वेळा जाहिरात दिसते. झाली दोन हजार दर्शनं, म्हणजे रोजचे 40 सेंट. ॲडमॉब पैसे सोडतं ते 100 डॉलर साठल्यावर. म्हणजे 250 दिवस. आणि रोज 500 माणसांनी उघडणं ही नवख्यासाठी लहान गोष्ट नव्हे. हजारोंनी डाउनलोड केलेली कित्येक ॲप्स रोज शंभर जणही उघडत नाहीत. पूर्ण स्क्रीन झाकणाऱ्या जाहिराती, किंवा 'व्हिडिओ बघा, एक संधी मिळवा' असल्या जाहिरातींना भाव जास्त मिळतो, पण आरतीच्या ॲपमध्ये दुसऱ्या कडव्याला रमीची जाहिरात आली की माणूस ॲप काढून टाकतो.

मधे एक टपालाचा टप्पाही आहे. कमाई 10 डॉलरला पोचली की गूगल तुमच्या पत्त्यावर पिन लिहिलेलं साधं पत्र धाडतं आणि तो आकडा खात्यात भरल्याशिवाय पैसे निघत नाहीत. इमारतीच्या जिन्याखालच्या पत्रपेटीत कोणी डोकावत नाही, तिथे डिजिटल कमाई कधीकधी महिनाभर पडून असते. आणि सगळ्यात मोठा खड्डा स्वतःच्याच घरात. आपण किंवा घरच्यांनी 'तेवढीच मदत' म्हणून जाहिराती दाबल्या की यंत्रणा ते ओळखते आणि खातं बंद होतं. तपासून बघायला चाचणीच्या खोट्या जाहिराती वेगळ्या असतात, त्याच वापरायच्या.

'फ्लॅपी बर्ड'चं नाव इथे हमखास निघतं. व्हिएतनामच्या डाँग न्यूयेनने मे 2013 मध्ये काढलेला हा खेळ 2014 च्या जानेवारीत पेटला, जाहिरातींतून दिवसाला 50 हजार डॉलर मिळत असल्याचं सांगितलं गेलं, आणि फेब्रुवारीत त्याने तो स्वतःच दुकानातून काढून घेतला. काही दिवसांत बनवलेला खेळ, हे खरं. पण बनवणारा लहानपणापासून खेळ लिहीत आलेला होता, ही अर्धी गोष्ट कोर्सच्या जाहिरातीत गळते.

वापरणाऱ्याने थेट पैसे द्यायचे, हा दुसरा मार्ग. गूगल वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर 15 टक्के घेतं, म्हणजे आपल्यासारख्यांना कायम 15 टक्केच. अडचण टक्क्यांची नाही. मराठी माणूस ॲपला पैसे देत नाही असं म्हणण्याची पद्धत आहे, ते मला पटत नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला तो देतो, मुलांच्या अभ्यासाला देतो. ज्याच्या फुकट आवृत्त्या समोर मांडून ठेवलेल्या आहेत, त्याला देत नाही, आणि का द्यावेत?

मराठी नवखा पहिल्यांदा ज्या विषयांकडे वळतो ते नेमके असेच, फुकटात भरलेले: दिनदर्शिका, उखाणे, आरत्या, शुभेच्छा, पाककृती, सातबारा. इथे गर्दीपेक्षाही मोठा धोका हक्कांचा. सुखकर्ता दुःखहर्ता ही समर्थांची रचना, तिचे शब्द सर्वांचे. पण ज्या ध्वनिमुद्रणात ती आपण ऐकतो त्यावर रेकॉर्ड कंपनीचा हक्क असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांची 'श्यामची आई' 2011 पासून मोकळी आहे. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे 'ययाति'ला 2036 संपेपर्यंत हात लावायचा नाही. दाते पंचांगातली किंवा कालनिर्णयच्या पाठीमागची माहिती टाइप करून घेतली म्हणून ती आपली होत नाही. सातबारा, शिधापत्रिका, भरतीच्या जाहिराती अशा सरकारी माहितीची ॲप्स करणाऱ्यांना गूगलची आणखी एक अट आहे: माहिती कुठून घेतली त्याचा दुवा द्यायचा आणि आपण सरकार नाही हे स्पष्ट लिहायचं. राजमुद्रा लावून विश्वासार्हता आणायला गेलात तर ॲप जातं, कधी खातंही जातं.

खात्यावरून आठवलं. प्ले कन्सोलचं, म्हणजे ॲप चढवायचं, खातं उघडून बसलेल्या पोरांना हल्ली 'तुमचं खातं भाड्याने द्या, महिन्याला अमुक देतो' असे निरोप येतात. घेणाऱ्याला स्वतःच्या नावावर जे चढवता येत नाही ते तुमच्या नावावर चढवायचं असतं. पुढे पोलीस आले तर ते तुमच्या पत्त्यावर येणार, आणि गूगल एकदा काढलेल्या माणसाला दुसरं खातं उघडू देत नाही. 'ॲपवर टास्क करा, आधी थोडे पैसे भरा' हा प्रकार तर या विषयात बसतच नाही, तो सरळ लुबाडणुकीत जातो. फसलात तर लगेच 1930 ला फोन करा, एवढंच त्याबद्दल.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी आपलं नेमणूकपत्रही काढून वाचावं. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं, तेव्हा हिंजवडीत बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा वाचलं असेल. सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, 1979 लागू आहेत आणि खासगी व्यवसायाला परवानगी लागते. मग ॲप बायकोच्या नावावर निघतं, हे सगळ्यांना माहीत आहे. राजस्थानातल्या अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी हा पेचच ठेवला नाही. शिक्षणाची पन्नासच्या वर ॲप्स स्वतः शिकून बनवली आणि फुकट दिली. 2015 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या भाषणात पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं. कर मात्र कोणालाच चुकत नाही. परदेशातून आलेले पैसे बँकेत दिसतात, नियमित येत असतील तर ते धंद्याचं उत्पन्न, आणि मग नुसता आयटीआर-1 भरून भागत नाही. जीएसटीची चिंता सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे करावी लागत नाही. ती वेळ आली तर पेढे वाटा.

राहिला तिसरा, ज्याची कटकट जाते तो गिऱ्हाईक. इथे प्ले स्टोअर लागतच नाही. ग्लाइडचं ॲप ब्राउझरमध्ये उघडतं. ॲपशीटचं स्वतःचं एक ॲप असतं, त्याच्या आत तुमचं चालतं. बारा टेस्टर नाहीत, पिनचं पत्र नाही, रमी नाही.

पुण्यातल्या मेसचं घ्या. सदाशिव पेठेत किंवा कर्वेनगरात शे-दीडशे मुलं जेवणारी मेस, मालकीण काकू, दोन मदतनीस, आणि गल्ल्यापाशी एक जाड वही. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून: खाडा. मुलगा म्हणतो मी चार दिवस गावी होतो, काकू म्हणतात कळवलं नव्हतंस. कोणी दोन वेळचं जेवतो, कोणी फक्त रात्रीचं. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, मग शनिवार ते सोमवार गावी गेलेल्याचे खाडे किती धरायचे? बऱ्याच ठिकाणी नियम असतो की सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही, आणि आदल्या रात्री कळवलेलं असलं पाहिजे. हे नियम भिंतीवर लिहिलेले असतात, पण महिनाअखेरीला ते वहीवर चालवायला काकूंना दोन रात्री लागतात.

हे ॲपशीटमध्ये बसवायला कोडिंग लागत नाही, पण हे सगळं आधी काकूंच्या तोंडून काढून घ्यावं लागतं. शीटची तीन पानं: मुलं, खाडे, पैसे. पहिल्या पानावर नाव, मोबाइल, एक वेळ की दोन वेळ, महिन्याचा दर. ॲपशीट माणशी महिन्याला 5 डॉलरपासून पैसे घेतं, म्हणजे दीडशे मुलांना ॲप दिलं तर मेसच विकावी लागेल. म्हणून ॲप फक्त काकू आणि गल्ल्यावरचा एक जण, अशा दोघांकडे. मुलांसाठी एक साधा गूगल फॉर्म, त्याचा क्यूआर कोड पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवलेला. फॉर्म फुकट, आणि तो भरला की तारीख-वेळ आपोआप शीटमध्ये पडते. आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं होतं की नव्हतं, हा वाद तिथेच संपतो. सलग दिवस मोजायचं सूत्र जरा त्रास देतं, रविवारमुळे, पण ते एआयला विचारून सुटतं. आणि सुटलं की नाही हे गेल्या महिन्याच्या वहीशी ताडून बघायचं. उद्या सकाळी पोळ्या किती लाटायच्या हा आकडा ॲपच्या पहिल्याच स्क्रीनवर मोठा दिसला पाहिजे. काकू पैसे देतील ते या आकड्यासाठी.

जबाबदारीही इथेच सुरू होते. दीडशे पोरांचे, त्यात मुलींचे, मोबाइल नंबर आणि त्या कोणत्या दिवशी खोलीवर नाहीत याची यादी आता तुमच्या शीटमध्ये आहे. शीटची लिंक 'ज्याच्याकडे असेल त्याला दिसेल' अशी ठेवली की ती कुठेही जाऊ शकते. एआयकडून करून घेतलेल्या ॲपमध्ये तर 'फायरबेस'चा डेटाबेस चाचणीच्या अवस्थेत उघडा राहण्याची शक्यता असते. त्या अवस्थेत 30 दिवस कोणीही वाचू शकतो, कोणीही पुसू शकतो. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतल्या 'टी' या बायकांच्या सुरक्षिततेसाठीच असलेल्या ॲपमधून सुमारे 72 हजार फोटो बाहेर पडले, कारण साठवणीला कुलूप नव्हतं. आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले.

पैसे किती मागायचे? बसवून देण्याचे एकदा, आणि चालू ठेवण्याचे दरमहा, असं वेगळं करून मागा. बसवण्याच्या पैशांवर घासाघीस होणारच, ती होऊ द्या. दरमहाचे सोडू नका, कारण फोन दरमहाच येणार आहेत. सातशे रुपये महिना देणाऱ्या पाच मेस म्हणजे साडेतीन हजार, पण ॲपशीटचे दोन माणसांचे दहा डॉलर प्रत्येक मेसमागे जातात, म्हणजे सातशेच्याही वर, ते आधीच धरून दर सांगा, नाहीतर काकूंऐवजी तुम्हीच गूगलला देत बसाल. करार कागदावर असू द्या, साधा एक पानाचा. त्यात मे महिन्याचं कलम घालायला विसरू नका. परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली, मेस दीड महिना बंद, की काकू तुम्हाला पहिली गोष्ट सांगणार ती हीच, की दीड महिन्याचा ॲपचा खाडा धरा. आणि आदल्या रात्री नऊच्या आत कळवलेलं असेल.